ब्रिटनमध्ये एमबीए करण्यासाठी विद्यार्थी व्हिसा: पैशांचे आणि तारखांचे गणित

ब्रिटनमधल्या बिझनेस स्कूलकडून प्रवेशाचे पत्र आले की घरात पेढे येतात, नातेवाइकांना फोन होतात आणि व्हिसाचा विषय त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी कधीतरी निघतो. माझ्या मते हा क्रम उलटा असायला हवा. व्हिसाच्या तयारीला प्रवेशाच्या अर्जाबरोबरच सुरुवात व्हावी. प्रवेश देताना विद्यापीठ तुमचा नोकरीतला अनुभव, जीमॅटचे गुण, निबंध आणि मुलाखत पाहते, म्हणजे तिथे माणूस माणसाला जोखतो. व्हिसाच्या अर्जाचे तसे नसते. ब्रिटनच्या गृहखात्याने लिहून ठेवलेल्या नियमांत तुमचा प्रत्येक कागद बसतो की नाही, हे तिथे प्रामुख्याने तपासले जाते. त्यामुळे घरात पुरेसा पैसा असूनही अर्ज फेटाळला जाऊ शकतो, कारण तो पैसा चुकीच्या नावावर, चुकीच्या खात्यात किंवा चुकीच्या तारखेला असतो.

पुढील माहिती भारतातून अर्ज करून ब्रिटनमध्ये पूर्णवेळ एमबीए किंवा व्यवस्थापनातील पदव्युत्तर पदवी घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी आहे. ऑनलाइन एमबीएसाठी हा व्हिसा मिळत नाही. शुल्काचे आणि रकमांचे जे आकडे दिले आहेत ते २०२५ मध्ये लागू झालेले आहेत. ब्रिटिश सरकार ते वारंवार वाढवते, म्हणून अर्ज भरण्याच्या दिवशी त्या सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावर ते पुन्हा पाहून घ्यावेत.

या व्हिसाचे अधिकृत नाव 'स्टुडंट रूट' असे आहे. ऑक्टोबर २०२० पूर्वी याच प्रकाराला 'टियर ४' म्हणत आणि काही एजंट अजूनही तोच शब्द वापरतात. ते दोन वेगळे व्हिसा नाहीत. अर्ज मंजूर होण्यासाठी ७० गुण लागतात. त्यांपैकी ५० गुण विद्यापीठाच्या प्रायोजकत्वाचे, १० पैशांचे आणि १० इंग्रजीचे असतात. यात अर्धे गुण देण्याची पद्धत नाही. बँकेच्या स्टेटमेंटमध्ये एका दिवसाची चूक झाली तरी पैशांचे दहाच्या दहा गुण जातात आणि ६० गुणांचा अर्ज नामंजूर होतो, मग प्रवेश ऑक्सफर्डच्या सईद बिझनेस स्कूलमध्ये मिळालेला असो की एखाद्या अपरिचित विद्यापीठात. इंग्रजीच्या दहा गुणांची फारशी चिंता करण्याचे कारण नसते, कारण पदवी आणि त्यावरील अभ्यासक्रमांसाठी विद्यापीठाला विद्यार्थ्याचे इंग्रजी स्वतः तपासून तशी नोंद करण्याची मुभा आहे. विद्यापीठाने परीक्षा मागितलीच, तर नेमकी कोणती आयईएल्ट्स हवी, साधी की व्हिसासाठी मान्य असलेली, हे लेखी विचारून मगच पैसे भरावेत.

कॅस हातात येईपर्यंत

विद्यापीठाच्या प्रायोजकत्वाचा पुरावा म्हणजे 'कॅस'. हे प्रमाणपत्र असले तरी प्रत्यक्षात तो एक क्रमांक असतो; विद्यापीठ तुमची माहिती गृहखात्याच्या प्रणालीत भरते आणि त्या नोंदीचा क्रमांक तुम्हाला कळवते. तो दिल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो आणि एक कॅस एकाच अर्जासाठी वापरता येतो. अर्ज फेटाळला गेला, तर विद्यापीठाकडून नवा कॅस मिळवावा लागतो आणि प्रत्येक विद्यापीठ तो आनंदाने देईलच असे नाही. म्हणून 'एकदा भरून तर पाहू' हा विचार इथे महागात पडतो.

विनाअट प्रवेश मिळाल्यावर विद्यापीठ अनामत रक्कम भरायला सांगते, पुष्कळदा तुमच्या बँकेचे कागदही आधी स्वतः तपासते आणि त्यानंतर कॅस देते. ही आधीची तपासणी काही विद्यार्थ्यांना जाच वाटते. प्रत्यक्षात ती फुकट मिळालेली रंगीत तालीम असते. विद्यापीठाचे परवानाधारक प्रायोजकांच्या सरकारी यादीत नाव आहे ना, हेही अनामत भरण्यापूर्वी पाहून घ्यावे.

कॅसचा मसुदा आला की तो पासपोर्ट शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर वाचावा. नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक, अभ्यासक्रमाचे नाव, सुरू होण्याची आणि संपण्याची तारीख, एकूण शुल्क आणि तुम्ही भरलेले शुल्क, या सगळ्या नोंदी बरोबर असल्या पाहिजेत. भरलेल्या अनामत रकमेची नोंद कॅसवर नसेल, तर ती करून घ्यावी, कारण तेवढी रक्कम बँकेत कमी दाखवावी लागते. अभ्यासक्रमाच्या तारखांकडे आणखी एका कारणासाठी लक्ष द्यावे. अभ्यासक्रम १२ महिन्यांचा किंवा त्याहून मोठा असेल, तर तो संपल्यावर चार महिने राहता येते. तो १२ महिन्यांपेक्षा थोडा जरी कमी असेल, तर ही मुदत दोन महिन्यांवर येते. 'एक वर्षाचा' म्हणून जाहिरात झालेला अभ्यासक्रम कागदावर साडेअकरा महिन्यांचा असू शकतो आणि हा फरक नोकरी शोधताना जाणवतो.

नावांच्या बाबतीत आपल्याकडे एक खास अडचण आहे. पासपोर्टवर स्वतःचे आणि वडिलांचे नाव एका ओळीत आणि आडनाव वेगळ्या ओळीत असते, तर आपल्या विद्यापीठांच्या गुणपत्रिकांवर पुष्कळदा आडनाव आधी येते आणि आईचे नाव स्वतंत्र छापलेले असते. क्रम बदलल्याने सहसा बिघडत नाही; स्पेलिंग बदलल्याने मात्र प्रश्न निर्माण होतात. पासपोर्ट हा आधार मानावा आणि अर्जातील नाव त्याप्रमाणेच लिहावे. लग्नानंतर नाव बदललेल्या विद्यार्थिनींनी विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातील नावबदलाची प्रत आधीच जवळ ठेवावी.

पैसे: किती, कोणाच्या नावावर आणि कोणत्या तारखेला

दाखवायच्या रकमेचे दोन भाग आहेत. पहिला भाग म्हणजे पहिल्या वर्षाचे उरलेले शिक्षण शुल्क. दुसरा भाग राहण्या-जेवणाच्या खर्चाचा, जो जास्तीत जास्त नऊ महिन्यांसाठी मोजतात. ११ नोव्हेंबर २०२५ पासून हा खर्च लंडनमध्ये दरमहा १,५२९ पौंड आणि लंडनबाहेर दरमहा १,१७१ पौंड धरला जातो, म्हणजे नऊ महिन्यांचे अनुक्रमे १३,७६१ आणि १०,५३९ पौंड होतात. लंडन बिझनेस स्कूल किंवा इम्पीरियलला जाणाऱ्यांना पहिला दर लागेल आणि मँचेस्टर, केंब्रिज किंवा वॉरिकला जाणाऱ्यांना दुसरा. इथे एक फसगत संभवते: लंडनबाहेरच्या काही विद्यापीठांनी व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमांसाठी लंडनमध्ये शाखा काढल्या आहेत आणि शिक्षण त्या शाखेत होणार असेल, तर लंडनचाच दर लागू होतो. वसतिगृहाचे पैसे थेट विद्यापीठाला भरले असतील, तर त्यांपैकी ठरावीक मर्यादेपर्यंतची रक्कम वजा करता येते. खासगी घरमालकाला दिलेले भाडे वजा होत नाही.

उदाहरण घेऊ. लंडनबाहेरच्या एमबीएचे शुल्क ३४,००० पौंड आहे आणि ८,००० पौंड भरून झाले आहेत. उरलेले २६,००० आणि राहण्याचे १०,५३९ मिळून ३६,५३९ पौंड दाखवावे लागतील. एका पौंडाला ११८ रुपये धरले, तर ही रक्कम सुमारे ४३ लाख १२ हजार रुपये होते. पण रुपयांचे पौंड करताना अर्जाच्या दिवशीचा दर धरला जातो आणि तो तुमच्या हातात नसतो. हाच दर १२१ झाला, तर ४४ लाख २१ हजार लागतील. म्हणून अचूक रकमेवर न थांबता निदान पाच टक्के जास्त ठेवावेत. या उदाहरणात ४५ लाखांच्या खाली मी समाधानी राहणार नाही.

आता तारखांचा नियम, जो सर्वांत सोपा वाटतो आणि सर्वांत जास्त चुकवला जातो. पूर्ण रक्कम खात्यात सलग २८ दिवस असावी लागते आणि या काळात एकाही दिवशी शिल्लक आवश्यक आकड्याच्या खाली जाता कामा नये. या २८ दिवसांचा शेवटचा दिवस अर्जाचे शुल्क भरण्याच्या तारखेपासून मागे ३१ दिवसांच्या आत असावा लागतो. समजा, १० जूनला खात्यात रक्कम पूर्ण झाली. २८ वा दिवस ७ जुलैला येतो. त्या दिवसापर्यंतचे स्टेटमेंट घेतले, तर ७ ऑगस्टपर्यंत अर्ज करता येतो, पण जुलै संपेपर्यंत तो करून मोकळे व्हावे. दरम्यान विसाव्या दिवशी विम्याचा हप्ता किंवा घराचा मासिक हप्ता आपोआप कापला गेला आणि शिल्लक हजारभर रुपयांनी कमी पडली, तर आधीचे एकोणीस दिवस वाया जातात आणि मोजणी नव्याने सुरू होते. ज्या खात्यातून घरखर्च चालतो त्या खात्यात हे पैसे ठेवूच नयेत. वेगळे खाते उघडावे किंवा मुदत ठेव करावी. मुदतीआधी मोडता येणारी ठेव ग्राह्य धरली जाते आणि तिला कोणी चुकून हात लावत नाही, हा तिचा मोठा फायदा आहे. एकाहून अधिक खात्यांची बेरीज दाखवायची असेल, तर सर्व खात्यांची स्टेटमेंट एकाच कालावधीची काढावीत, म्हणजे हिशेब पाहणाऱ्याला तो एका नजरेत कळेल.

पैसे कोणाचे असावेत, यावर नियम स्पष्ट आहे: स्वतःच्या, आई-वडिलांच्या किंवा कायदेशीर पालकाच्या नावावरील पैसे चालतात. संयुक्त खात्यात तुमचे किंवा आई-वडिलांपैकी एकाचे नाव असले पाहिजे. काका, मामा, आजोबा आणि मोठा भाऊ यांचे पैसे चालत नाहीत. 'दादाच्या खात्यात तीस लाख पडून आहेत, तो पत्र देईल' हे वाक्य आपल्या एकत्र कुटुंबांत अगदी स्वाभाविक आहे, पण गृहखात्याच्या दृष्टीने दादा हा परका माणूस आहे. त्याला मदत करायची असेल, तर त्याने ते पैसे तुमच्या किंवा आई-वडिलांच्या खात्यात वर्ग करावेत आणि तिथे त्यांचे २८ दिवस पूर्ण व्हावेत. एवढी मोठी रक्कम एकदम जमा झाल्यावर ती कोठून आली असा प्रश्न विचारला जाऊ शकतो, म्हणून देणाऱ्याचे साधे बक्षीसपत्र आणि त्याच्या खात्याचा उतारा जपून ठेवावा.

पैसे आई-वडिलांच्या खात्यात असतील, तर नाते सिद्ध करणारा जन्मदाखला आणि हे पैसे तुमच्या शिक्षणासाठी वापरण्यास संमती असल्याचे त्यांचे सहीचे पत्र जोडावे लागते. जन्मदाखला आजच कपाटातून काढून पाहा, असे मी आग्रहाने सांगेन. बाळाची नोंद बारशाच्या आधी झाल्यामुळे नावाचा रकाना कोराच राहिलेले दाखले आपल्याकडे पुष्कळ घरांत सापडतात. काही दाखल्यांवर आईचे फक्त पहिले नाव असते, तर बँकेत तिचे संपूर्ण नाव. जुना दाखला केवळ मराठीत असू शकतो. नावाची नोंद करून घेण्यासाठी नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीत काही आठवडे सहज जातात, आणि हे काम जुलैत सुरू केले तर सप्टेंबरचे वर्ग गाठणे अवघड होते. मराठी कागदाला इंग्रजी भाषांतर लागते आणि त्यावर ते मूळ मजकुराशी तंतोतंत जुळत असल्याचे अनुवादकाचे निवेदन, त्याचे नाव, सही, तारीख आणि संपर्काचा तपशील असावा लागतो.

पैसे कोणत्या संस्थेत आहेत यालाही महत्त्व आहे. संस्थेवर योग्य नियामकाचे नियंत्रण असावे, तिच्या नोंदी संगणकीकृत असाव्यात आणि त्या पडताळून पाहता याव्यात, अशी अट आहे. महाराष्ट्रात पतसंस्थांचे जाळे मोठे आहे आणि ग्रामीण भागातील पुष्कळ कुटुंबांची आयुष्यभराची बचत पतसंस्थेच्या ठेवींत असते. नागरी सहकारी बँका रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाखाली येतात, पतसंस्था येत नाहीत. तिथल्या ठेवीवर विसंबून अर्ज करणे मला धोक्याचे वाटते. ती रक्कम राष्ट्रीयीकृत किंवा मोठ्या खासगी बँकेत आणून मग २८ दिवस मोजावेत. ठेव पावती आणि स्टेटमेंटवर खातेदाराचे नाव, खाते क्रमांक, तारीख, बँकेचे नाव आणि शिल्लक स्पष्ट दिसली पाहिजे.

शेअर, म्युच्युअल फंड, भविष्य निर्वाह निधी, विमा पॉलिसी, सोने, फ्लॅटचे मूल्यांकन आणि शेतीचा सातबारा यांपैकी काहीही या कामी येत नाही. चार्टर्ड अकाउंटंटकडून एकूण मालमत्तेचे प्रमाणपत्र बनवून घेण्याची आपल्याकडे जी रीत पडली आहे, ती ब्रिटनच्या या व्हिसासाठी निरुपयोगी आहे आणि तिच्यावर केलेला खर्च वाया जातो.

शैक्षणिक कर्ज घेणाऱ्यांची वाट तुलनेने सोपी आहे, कारण कर्जाच्या रकमेला २८ दिवसांचा नियम लागू होत नाही. मात्र मंजुरीपत्राची भाषा बारकाईने तपासावी. पत्र अर्जाच्या तारखेपूर्वी सहा महिन्यांहून जुने नसावे, कर्ज विद्यार्थ्याच्या नावावर असावे, रक्कम नमूद केलेली असावी आणि पैसे प्रवासापूर्वी उपलब्ध होतील किंवा थेट विद्यापीठाला दिले जातील हे त्यात लिहिलेले असावे. व्हिसा मिळणे ही एकच अट त्यात चालते. 'गहाणखत पूर्ण झाल्यावर रक्कम वितरित केली जाईल' असे वाक्य मंजुरीपत्रात सर्रास असते आणि तेच अडचणीचे ठरते. यावर उपाय म्हणजे घराचे किंवा जमिनीचे गहाणखत, शोध अहवाल आणि मूल्यांकन आधी पूर्ण करून घ्यावे आणि त्यानंतर बँकेकडून अटींविना नवे पत्र मागावे. शाखेतील अधिकाऱ्याला हा फरक ठाऊक असेलच असे नाही. तो नियम छापून सोबत न्यावा. शिष्यवृत्ती मिळाली असेल, उदाहरणार्थ राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती, तर मंजुरीच्या पत्रात कोणकोणता खर्च आणि किती काळ भागवला जाणार हे स्पष्ट लिहून घ्यावे. विद्यापीठाने दिलेली शुल्कमाफी कॅसवरच नोंदवून घ्यावी.

विद्यापीठाला पैसे पाठवताना भारतीय नियमही लक्षात ठेवावेत. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेखाली एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम पाठवता येते. १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला दहा लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर बँक टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच आगाऊ घेतला जाणारा कर, कापते. वित्तसंस्थेकडून घेतलेल्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या रकमेवर तो कापला जात नाही. कापलेला टीसीएस आयकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो, परंतु तोपर्यंत तेवढे पैसे अडकतात आणि खात्यातील शिल्लक कमी होते, हे २८ दिवसांच्या हिशेबात धरलेले बरे.

तपासणी, अर्ज आणि शुल्क

भारतातून सहा महिन्यांपेक्षा जास्त काळासाठी जाणाऱ्यांना क्षयरोगाची तपासणी करून घ्यावी लागते. ती ब्रिटिश गृहखात्याने मान्यता दिलेल्या केंद्रातच झाली पाहिजे. गावातल्या डॉक्टरांचा एक्स-रे कितीही स्पष्ट असला तरी चालत नाही. प्रमाणपत्र सहा महिने वैध असते. एक्स-रेमध्ये काही शंका आली, तर थुंकीची तपासणी होते आणि तिचा निकाल यायला साधारण दोन महिने लागतात. लहानपणी किंवा कॉलेजात असताना क्षयरोगावर उपचार झालेल्या विद्यार्थ्यांनी ही तपासणी सगळ्यात आधी करून घ्यावी आणि उपचारांचे जुने कागद सोबत न्यावेत.

अर्ज ऑनलाइन भरायचा असतो आणि अभ्यासक्रम सुरू होण्याच्या सहा महिने आधीपासून तो भरता येतो. व्हिसाचे शुल्क एप्रिल २०२५ मध्ये ५२४ पौंड झाले होते. त्याशिवाय आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड याप्रमाणे व्हिसाच्या संपूर्ण काळासाठी एकदम भरावा लागतो. बारा महिन्यांच्या अभ्यासक्रमाला पुढचे चार महिने जोडले की दीड वर्षाचा अधिभार होतो, म्हणजे १,१६४ पौंड. हे पैसे वर सांगितलेल्या शिलकीतून भरू नयेत, ते वेगळे ठेवावेत.

अर्जातील एका प्रश्नाचे उत्तर देताना पुष्कळजण गडबडतात, तो म्हणजे आजवर कोणत्याही देशाने व्हिसा नाकारला आहे का. दहा वर्षांपूर्वी अमेरिकेचा पर्यटक व्हिसा नाकारला गेला असेल, तरी तो लिहावा. नकार लिहिल्याने अर्ज बाद होत नाही. लपवल्याने मात्र फसवणूक केल्याचा ठपका येऊ शकतो आणि दहा वर्षांची बंदी लागू शकते. एजंटामार्फत अर्ज करणाऱ्यांनी अर्जाला स्वतःचा ईमेल जोडावा, पासवर्ड स्वतःकडे ठेवावा आणि शुल्क भरण्यापूर्वी संपूर्ण अर्ज वाचून घ्यावा. एजंटांना बहुधा विद्यापीठांकडून कमिशन मिळते, त्यात गैर काही नाही. पण त्यांच्या हातून एखादा बनावट कागद अर्जाला जोडला गेला, तर बंदी तुमच्यावर येते.

अर्ज केल्यावर व्हीएफएस या व्हिसाची कामे हाताळणाऱ्या कंपनीच्या केंद्रात वेळ घेऊन बोटांचे ठसे आणि छायाचित्र द्यावे लागते. मुंबई आणि पुणे इथे ही केंद्रे आहेत. केंद्रातील कर्मचारी निर्णय घेत नाहीत आणि तुमचा अर्ज मंजूर होईल की नाही हे त्यांना ठाऊकही नसते, त्यामुळे तिथे कोणी दिलेल्या सल्ल्यावर कागद बदलू नयेत. कागदपत्रे आदल्या दिवशी स्वतःच स्कॅन करून अपलोड करावीत. निर्णयाला साधारणतः तीन आठवडे लागतात. जादा पैसे भरून तो लवकर मिळवण्याची सोय असते, मात्र जुलै-ऑगस्टच्या गर्दीत तिच्यावर भिस्त ठेवू नये.

मुलाखत

प्रत्येकाची मुलाखत होत नाही, पण ती होणार असे धरूनच तयारी करावी. व्हिडिओ कॉलवरच्या या छोट्या संभाषणात तुम्ही खरोखर शिकायला जात आहात का, एवढेच पारखले जाते. हाच अभ्यासक्रम का, हेच विद्यापीठ का, आणखी कोणत्या विद्यापीठांचा विचार केला, कोणते विषय शिकवले जाणार, शुल्क किती आणि ते कोण भरणार, राहणार कुठे, परत आल्यावर काय करणार, अशा स्वरूपाचे प्रश्न येतात. एमबीएच्या अर्जदाराला एक प्रश्न हमखास अपेक्षित असावा: हातातली चांगली नोकरी सोडून एवढे कर्ज कशासाठी?

याला 'जागतिक दर्जाचे शिक्षण आणि आंतरराष्ट्रीय अनुभव' हे उत्तर देणारे शेकडो असतात. त्यापेक्षा स्वतःच्या कामातून निघणारे उत्तर द्यावे. नाशिकची द्राक्षे ब्रिटनला निर्यात करणाऱ्या कुटुंबातला मुलगा पुरवठा साखळीचा विषय का निवडतो, इचलकरंजीच्या यंत्रमागाच्या धंद्यात वाढलेल्या मुलीला ब्रँड व्यवस्थापन का शिकायचे आहे, हिंजवडीत पाच वर्षे सॉफ्टवेअर तपासणाऱ्याला उत्पादन व्यवस्थापनाकडे का वळायचे आहे, हे तपशिलात सांगितले की ऐकणाऱ्याची शंका उरत नाही. दोन-तीन विषयांची नावे, प्रबंधाचा किंवा सल्लागार प्रकल्पाचा भाग केव्हा आहे आणि शुल्काचा नेमका आकडा तोंडपाठ असावा. एक पदव्युत्तर पदवी आधीच असेल, तर दुसरी का, याचे उत्तर तयार ठेवावे. पाठ केलेले उत्तर लगेच कळते. प्रश्न समजला नाही, तर तो पुन्हा विचारण्यास सांगण्यात कमीपणा नाही.

एमबीए करणाऱ्यांनी आधीच जाणून घ्यायच्या गोष्टी

एमबीएला जाणारे विद्यार्थी वयाने थोडे मोठे असतात, अनेकांचे लग्न झालेले असते, म्हणून हा नियम आधी सांगायला हवा: १ जानेवारी २०२४ पासून सुरू होणाऱ्या अध्यापनप्रधान (म्हणजे संशोधनाऐवजी मुख्यतः वर्गात शिकवल्या जाणाऱ्या) पदव्युत्तर अभ्यासक्रमांच्या विद्यार्थ्यांना पती, पत्नी किंवा मुलांना अवलंबित म्हणून नेता येत नाही. संशोधन पदवी आणि सरकारी शिष्यवृत्तीवरील काही अभ्यासक्रम यांना सवलत आहे; नेहमीचा एमबीए त्यात बसत नाही. कुटुंबाने एक वर्ष वेगळे राहायचे की नाही, हा निर्णय अनामत भरण्याआधी घरात बसून घ्यावा.

सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येते. उन्हाळ्यात पूर्णवेळ काम करून खर्च काढण्याचा बेत एक वर्षाच्या अभ्यासक्रमात बहुधा फसतो, कारण प्रबंधाचा काळ हा सुट्टीचा नसून सत्राचा भाग मानला जातो. स्वयंरोजगाराला परवानगी नाही. उद्योजकता शिकता शिकता तिथेच स्वतःचा व्यवसाय सुरू करण्याचा किंवा भारतातल्या ग्राहकांची कामे फ्रीलान्स पद्धतीने करण्याचा विचार असेल, तर तो नियमभंग ठरू शकतो. विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला आधी विचारावे. अभ्यासक्रम पूर्ण होण्यापूर्वी शिक्षण सोडून नोकरीच्या व्हिसावर जाण्याची वाटही जुलै २०२३ पासून बंद आहे.

निर्णय आल्यानंतर

अर्ज नामंजूर झाला, तर कारणांचे पत्र मिळते. अधिकाऱ्याकडूनच नियम लावताना चूक झाली असेल, तर २८ दिवसांच्या आत ८० पौंड भरून फेरविचार मागता येतो, परंतु त्यात नवे पुरावे सहसा विचारात घेतले जात नाहीत. चूक तुमच्या स्टेटमेंटमध्ये असेल, तर फेरविचारात वेळ घालवण्यापेक्षा विद्यापीठाशी बोलून नवा कॅस घ्यावा आणि दुरुस्त कागदांसह नव्याने अर्ज करावा. जानेवारीच्या प्रवेशाची सोय असेल, तर तोही पर्याय विचारात घ्यावा.

मंजुरी मिळाल्यावर पासपोर्टमध्ये व्हिसाचे पान शोधत बसू नये. विद्यार्थ्यांसाठी १५ जुलै २०२५ पासून ई-व्हिसा लागू झाला आहे. यूकेव्हीआय या गृहखात्याच्या व्हिसा विभागाचे ऑनलाइन खाते उघडून त्यात पासपोर्ट जोडावा लागतो आणि विमान कंपनी, घरमालक किंवा नोकरी देणारा यांना दाखवण्यासाठी त्या खात्यातूनच तात्पुरता शेअर कोड काढावा लागतो. नाव, जन्मतारीख, व्हिसाची सुरुवात आणि शेवट, कामाच्या तासांची अट, हे सगळे तिकीट काढण्याआधी तपासावे. चूक भारतात असतानाच दुरुस्त करून घेणे सोपे जाते. व्हिसा सुरू होण्याच्या तारखेआधी ब्रिटनमध्ये उतरता येत नाही. कॅसचे पत्र, मंजुरीचा ईमेल, क्षयरोगाचे प्रमाणपत्र आणि बँकेच्या कागदांच्या प्रती हातातल्या बॅगेत ठेवाव्यात, कारण सामानातली बॅग नंतर मिळते आणि अधिकारी आधी भेटतो.

पदवीनंतर थांबून नोकरी शोधण्यासाठी 'ग्रॅज्युएट रूट' आहे. ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत अर्ज करणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तो दोन वर्षांचा मिळतो आणि १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना १८ महिन्यांचा. सप्टेंबर २०२६ मध्ये एक वर्षाच्या एमबीएला बसणाऱ्याचा अभ्यासक्रम २०२७ मध्ये संपणार असल्याने त्याने कर्जफेडीचे गणित १८ महिन्यांवरच मांडावे. हा अर्ज ब्रिटनमध्ये असतानाच, विद्यार्थी व्हिसाची मुदत संपण्याआधी आणि विद्यापीठाने अभ्यासक्रम पूर्ण झाल्याचे गृहखात्याला कळवल्यानंतर करायचा असतो. म्हणून शेवटचा निबंध जमा केल्यावर घरी येण्याचे तिकीट काढण्यापूर्वी विद्यापीठाने ती नोंद केली आहे का, हे विचारून घ्यावे.